सत्राखेरीची शाबासकी

"आरं, डोळं हायेत का कवड्या? खरवडल्याल्या मातीवरनं फटफटी घातलीस. सकाळधरनं कंबर मोडून गोळा केल्याली माती हाय ती, तुझ्या शाळंचं पटांगण न्हवं."

होम म्हातारीने हे हातातले फावडे खाली न ठेवता सुनावले. ज्यांना सुनावले ते थावोन मास्तर, आमच्या बान नोंगसिम गावच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक, फटफटी बंद करून हसत उभे राहिले. मार्च महिना होता. भात केव्हाच कोठारात गेले होते, खाचरांना हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या आणि भेगांच्या काठांवर जमिनीने मिठाची पांढरी साय धरली होती. दूर कोठे तरी उसाचे फड पेटवलेले होते; त्यांची काळी राख वाऱ्याबरोबर येऊन त्या पांढऱ्यावर बसत होती. या दिवसांत आमच्या बायका खारी माती खरवडतात, भाताच्या कोंड्याबरोबर लाकडी डोणीत भरतात, वरून पाणी सोडतात आणि खाली ठिबकलेले पाणी चुलाणावर आटवून मीठ काढतात. जी जमीन पिकाला छळते तिच्याकडून वर्षातून एकदा भरपाई वसूल करण्याची ही रीत आहे, आणि या वसुलीत होम म्हातारीइतकी कठोर अधिकारी आमच्या पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

"मावशी, शिव्या मागनं द्या. आधी काम ऐका."

"शिव्या बी कामच हाय. बोल."

वीस वर्षांपूर्वी मास्तर खालच्या सपाट मुलखातून येथे आले तेव्हा त्यांना आमची बोली समजत नव्हती आणि आंबवलेल्या मासळीचा वास सोसत नव्हता. पुढे त्यांनी होमच्या बहिणीची मुलगी लामदुआन केली. बोली उचलली, मासळी पचवली, आणि होमच्या शिव्या खाण्याचा जो मान आमच्याकडे फक्त घरच्या माणसाला मिळतो तोही मिळवला. परक्याला होम शिव्या देत नसे असे नाही. पण परक्याला ती त्या पळवून लावण्यासाठी देई आणि घरच्याला जेवायला बसवण्यापूर्वी.

"सत्र संपतंय," मास्तर म्हणाले. "औंदा जरा थाटात करू म्हनतो. जिल्ह्याचं साहेब येनार हायेत. पोरांना दोरं बांधायचं, आन् त्याच बैठकीत साहेबांना बी. साहेबांचा पैला दोरा तुमच्या हातचा."

"माझ्या? दोन वर्सामागं त्याच साहेबाला म्या गाडीचं दार लावस्तवर झाडला हुता."

"म्हनूनच म्हनतो. झालं गेलं मिटवून टाकू."

"त्यो तवा शाळा हलवाया आला हुता. आता कशापायी येतोय?"

"कौतुक कराया. बुआलोय तिसऱ्या वर्सात पैली आलीय, मावशी. तुमच्या नातीची पाठ थोपटाय येतोय मानूस, त्याच्या मनगटाला दोरा बांधाया तुमचा हात दुखतोय व्हय?"

नातीचे नाव निघाले आणि फावडे जमिनीला टेकले.

बुआलोयची आई बँकॉकमध्ये शिवणकारखान्यात होती. तिनेही हायस्कुलाचे तिसरे वर्ष येथेच संपवले होते. पण तेव्हा आमच्या शाळेत वरचे तीन वर्ग, म्हणजे चौथे ते सहावे वर्ष, नव्हते, आणि पोर चौथ्यासाठी शहरी ठेवण्याऐवजी शिवणयंत्रावर बसवणे लोकांना सोपे पडे. वरचे वर्ग पुढे आले. त्यांच्या खोल्यांसाठी गावाने ओढ्यातली वाळू डोक्यावरून वाहिली, आणि वाहणाऱ्यांत होम सर्वांत पुढे होती. तिचा हिशेब अगदी साधा होता: लेक हातची गेली, नात सहावे वर्ष पुरे करील आणि कोणाच्या सदऱ्यांना बाह्या जोडत बसणार नाही.

"बांधते," ती म्हणाली. "पर त्याला सांग, मनगाट धुऊन ये म्हनावं."

दोऱ्याचा कायदा येथेच सांगून टाकला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. माणसाच्या अंगात एकच जीव असतो असे जगात अनेकांना वाटते. आमच्याकडे ते बत्तीस असतात. म्हणून एखादा भेदरून किंवा दुखावून निघून गेला तरी माणूस चालत-बोलत राहतो, मात्र त्याच्यात काहीतरी कमी झालेले असते. अशा जिवांना हाका मारून परत आणायचे आणि पांढरा दोरा मनगटाला बांधून त्यांना घरात कोंडायचे. दोरा तीन दिवस सोडायचा नाही. आणि ज्याला दोरा बांधला त्याला बांधणाऱ्याने त्या तीन दिवसांत 'नाही' म्हणायचे नाही. त्याने मागितले ते द्यायचे, विचारले त्याला होय म्हणायचे. 'नाही' म्हटलेच तर बांधणाऱ्याच्या घरातल्या लेकराचे जीव उधळतात. हा कायदा कोठेही लिहिलेला नाही, आणि लिहिलेल्या कायद्यांचे जे होते ते त्याचे कधी झाले नाही, याचे कारण बहुधा तेच असावे.

मास्तर वीस वर्षे आमच्यात राहिले होते. त्यांना हा कायदा लामदुआनइतकाच ठाऊक होता.

बैठक देवळाच्या मंडपात झाली. केळीच्या पानांचा मनोरा बायकांनी आदल्या दिवसापासून बांधला होता. त्याच्या टोकाला पांढरी फुले, पायाशी उकडलेली अंडी, चिकट भाताचे गोळे, केळी. सिंखाम म्हातारा, जो आमच्याकडे जीव बोलावण्याचे मंत्र म्हणतो, त्याने दात नसलेल्या तोंडाने तासभर हाका मारल्या. साहेब गोरेपान, मऊ बोलणारे, पंचेचाळिशीचे गृहस्थ होते. ते घामाघूम होऊनही मांडी मोडून बसले, ही गोष्ट बायकांना आवडली. होमने त्यांच्या मनगटाला पहिला दोरा बांधला, अंगठ्याने गाठ दाबली, आणि राजधानीच्या भाषेत तिला येत होते तेवढे बोलली, "साहेबांना सुख लाभो."

"आजी, तुमची जुनी ओळख आहे," साहेब हसून म्हणाले.

"व्हय," होम म्हणाली, आणि मंडपात हशा झाला. मागून सगळे गाव दोरे घेऊन पुढे सरकले. प्रत्येक घराने एक दोरा साहेबांना बांधला, एक मास्तरांना, एक आपल्या पोराला. साहेबांचा हात कोपरापर्यंत पांढरा झाला. मास्तर प्रत्येकाच्या पुढे हात धरत होते, अगदी सहा महिन्यांच्या बाळाच्याही आईपुढे. कोणी सुटू नये याकडे त्यांचे बारीक लक्ष होते. आम्हाला ती आपुलकी वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा वाजला.

गावप्रमुखाच्या अंगणातल्या खांबावरचा हा भोंगा आमचे वर्तमानपत्र आहे. एरवी त्यावरून कुत्र्यांच्या लशी आणि पाण्याच्या पाळ्या सांगतात. पण सत्र संपले की त्या पहाटे मास्तर स्वतः 'पालकांसाठी वार्ता आणि शाबासकी' सांगतात, आणि त्या वेळी गावात कोणी भाताची वाफ काढत असेल तर टोपलीवरचे झाकणही हळूच ठेवते, कारण कोणाच्याही पोराचे नाव झाकणाच्या आवाजात बुडू नये. व्हॉलीबॉलचा संघ तालुक्यात तिसरा आला. पाचव्या वर्षातल्या मुलींनी संडासांच्या भिंती निळ्या रंगवल्या. मुतारीमागच्या वाफ्यांतली भाजीची लागवड यशस्वी झाली. तिसऱ्या वर्षात प्रथम क्रमांक: कुमारी बुआलोय. सुटीत मुलांना उसतोडीला नेऊ नका. रोज थोडे वाचायला लावा. पालकहो, तुमच्या कष्टांवरच ही शाळा उभी आहे, तुमचे मनःपूर्वक अभिनंदन.

अभिनंदनापर्यंत आवाज नेहमीचा होता. पुढचे वाक्यही त्यांनी त्याच स्वरात वाचले, आणि ही कला शिकायला माणसाला बरीच वर्षे सरकारी नोकरी करावी लागते.

"आणखी एक आनंदाची वार्ता. येत्या वर्षापासून आपले वरचे तीन वर्ग शहरातल्या मोठ्या विद्यालयात सामावून घेतले जाणार आहेत. त्यामुळे आपल्या मुलांची गुणवत्ता उंचावेल. याबाबत पालकांचे मत जाणून घेण्यासाठी साहेब उद्या सकाळी शाळेत उपस्थित राहतील. कोणाची हरकत असल्यास तेव्हा मांडावी. हरकत नसल्यास गावाची संमती समजण्यात येईल."

त्यानंतर राष्ट्रगीत लागले.

सूर्य वर आला तेव्हा अर्धे गाव होमच्या चुलाणाभोवती जमले होते. कोणी बोलवले नव्हते. पण गावात ओरडायचे असले की लोक तिच्याकडे येत, जसे दात दुखला की वैदूकडे जातात.

"दोन वर्सामागं तू वाचीवलंस," कोणी म्हणाले. "आता बी बोल."

"काय बोलू? त्या साहेबाच्या मनगटावं माझी गाठ हाय. तुझी बी हाय. हितं हाय का कुनी ज्याची न्हाई?"

कोणी नव्हते.

"सिंखामदा, येखादी पळवाट असंल की," मागून एकाने विचारले. "मान हलवली तर चालंल?"

सिंखाम म्हाताऱ्याने पानाची पिचकारी दूर टाकली. "मानंनं बी न्हाईच म्हनतोस न्हवं."

"आन् सगळी मिळून खोकलो तर?"

"किती येळ खोकशील? त्यो लिवंल, गावात सर्दीची साथ हाय."

"लिवून दिलं तर? तोंडानं न्हाई म्हनलं न्हाई म्हंजे झालं."

"लिवताना तुझी जीभ वळवळत न्हाई व्हय रं? मला ठावं हाय, तू बोलून बोलूनच लिवतोस."

"मग जायाचंच न्हाई."

"मग हरकत न्हाई म्हनून लिवतील."

"तारीख फुडं ढकला म्हनावं."

"त्ये न्हाईचं धाकटं भावंड," सिंखाम म्हणाला. त्याला स्वतःलाच आपल्या उत्तरांचा वीट आला असावा, कारण तो उठून निघून गेला.

इतक्यात लामदुआन आली. ती चुलाणाच्या कडेला उकिडवी बसली, आणि बायका तिच्यापासून वीतभर सरकल्या.

"मावशी, मला बी ठावं न्हवतं. भोंग्यावंच ऐकलं, तांदूळ निवडता निवडता."

"तुझ्या अंथरुनात निजतो त्यो."

"निजतो. बोलत न्हाई."

होमने कढईतले पाणी ढवळले. मीठ तळाला धरू लागले होते. "परवाच्या दिशी हितं हुबा राहून माझ्या शिव्या खाल्ल्यान् त्यानं," ती हळू म्हणाली. "हसत हुता. म्या म्हनलं, चांगल्या मनाचा हाय."

दुपारी, उन्हाने कावळेही गप्प झाले असताना, मास्तर स्वतः आले. या वेळी त्यांनी फटफटी लांब लावली आणि मिठाच्या वाफ्याला वळसा घालून चालत आले. त्यांच्या दोन्ही मनगटांवर गावाचे दोरे होते.

"मावशी, रागावलाय."

होमने चुलाणात आणखी एक लाकूड सारले.

"पोरांचंच भलं हाय ह्यात. वरच्या तीन वर्गांत मिळून किती पोरं हायेत? तीन वर्सं झाली, रसायनाला मास्तर न्हाई. म्याच शिकीवतो, आन् मला त्यातलं काय येतं? बुआलोयसारखी पोर हितं कुजंल. तिकडं प्रयोगशाळा हाय. गाडी येनार हाय पोरांना न्याया. म्या हे उघड मांडलं आसतं तर तुमी ऐकून घेतलं आसतं? तुमी साहेबाला परत गाडीत घालून धाडलं आसतं."

हे सगळे खोटे नव्हते. शाळेत रसायनाला खरोखरच मास्तर नव्हता. खरे युक्तिवाद हाताशी असताना माणूस फसवणुकीचा आधार घेतो तेव्हा तो समोरच्याला युक्तिवाद ऐकण्याच्या लायकीचाही समजत नसतो, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

"उद्या याल न्हवं?" मास्तरांनी विचारले. "फुडल्या रांगंत बसा. तुमी नसला तर गाव बिथरंल."

होमने त्यांच्या मनगटाकडे पाहिले. तिने बांधलेली गाठ अजून तशीच घट्ट होती.

"व्हय," ती म्हणाली.

"आन् मनात काय ठेवू नगा."

"व्हय."

 तिसरा प्रश्न मास्तरांनी विचारला नाही. ते गेल्यावर होमने कढईखालची लाकडे ओढून विझवली. पाणी अर्धवट आटलेले होते आणि असे मीठ कडू होते, हे तिला माहीत होते.

सभा शाळेच्या लांब पडवीत झाली. पंखे फिरत होते आणि गरम हवाच इकडून तिकडे नेत होते. सगळे गाव आले; आणि इतके गाव एकत्र बसून इतके गप्प आम्ही कधी पाहिले नव्हते. साहेबांनी तक्ते दाखवले. मोठ्या विद्यालयाची चित्रे दाखवली, त्यात हिरवळीवर हसणारी मुले होती. मग त्यांनी चष्मा पुसला आणि आपल्या मऊ आवाजात म्हणाले, "आता आपले मत. कोणाची काही हरकत आहे का? अगदी मोकळेपणाने सांगा."

पंख्याची कुरकुर ऐकू आली. पुढच्या रांगेत होम मांडीवर हात ठेवून बसली होती. तिच्या ओठांची एक कड हलत होती, बांधलेल्या जनावराची कातडी माशीने हलते तशी. तिच्या शेजारी बुआलोय होती.

"कोणाचीही नाही?" साहेबांनी पुन्हा विचारले. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलेले दिसले. दोन वर्षांपूर्वीची सभा ते विसरले नव्हते.

तेव्हा बुआलोय उठली. पंधरा वर्षांची, अंगाने किरकोळ, चारचौघांत आवाजही न निघणारी पोरगी. तिने डाव्या मनगटाची गाठ दातांत धरली, उकलली आणि आजीने बांधलेला दोरा काढून आजीच्या मांडीवर ठेवला.

"आज्जे, माजं जीव म्याच सोडलं. आता तुला कसली भीती न्हाई. बोल."

पडवीतून एक उसासा फिरला. मास्तरांचा चेहरा उतरला. सभेत काय घडले आहे हे समजणारे तेथे बसलेले एकमेव अधिकारी तेच होते. आता होमची जीभ मोकळी होती. तिच्या घरात उधळायला काही उरलेच नव्हते. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो, आणि खरे सांगायचे तर आमच्यातल्या अनेकांना हायसे वाटले होते: दुसऱ्याच्या पोरीने किंमत मोजली होती आणि आता आपली शाळा वाचणार होती.

होमने साहेबांकडे पाहिले. तोंड उघडले. मग तिची नजर नातीच्या मनगटावर गेली. दोऱ्याच्या जागी घामाने पुसट पांढरा वळ उमटला होता, आणि पोरगी थरथरत होती. भीतीने थरथरत होती की रागाने, हे सांगणे अवघड. पण ज्याच्यातला एखादा जीव निसटला ते माणूस असेच थरथरते, असे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेले आहे. म्हातारीला एकदम रडू फुटले. तिने दोरा उचलला, दोन्ही हातांनी नातीचे मनगट धरले आणि तिच्या तोंडून जे बाहेर पडले ते 'नाही' नव्हते.

"ये गं, माझ्या लेकीच्या लेकीच्या जिवा, ये. फडात गेला आसशील तर ये, थितं राख हाय. तळ्याच्या काठाला बसला आसशील तर ये, पानी आटलंय. शहराच्या वाटंला लागला आसशील तर माघारी फीर रं, थितं तुला कुनी वळखत न्हाई. आईमागं जाऊ नगंस. घराला ये, मडक्यात भात हाय, आज्जी जागी हाय..."

साहेब मध्य मुलखातले. त्यांना आमची बोली कळत नव्हती, आणि जीव बोलावण्याची जुनी बोली तर नाहीच. ते मास्तरांकडे झुकले. "या आजीबाई काय म्हणताहेत?"

मास्तरांनी क्षणभर होमकडे पाहिले. मग राजधानीच्या शुद्ध, स्वच्छ भाषेत, सगळ्या पडवीला ऐकू जाईल असे म्हणाले, "आशीर्वाद देताहेत, साहेब. मुलांचे जीव नव्या शाळेत सुखाने नांदोत, असं म्हणताहेत."

राजधानीची भाषा आमच्यात सगळ्यांना कळते. ती आम्हाला याच शाळेत शिकवलेली आहे, आणि म्हाताऱ्यांनी टीव्हीवरून उचलली आहे. प्रत्येकाला ते वाक्य कळले. होमलाही कळले. तिची मान त्यांच्याकडे वळली, डोळे विस्फारले. पण जीव अर्ध्या वाटेवर आलेला असताना हाक तोडायची नसते. अर्ध्या वाटेवरचा जीव मग ना इकडे येतो, ना तिकडे राहतो. तिने हाका चालू ठेवल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होते, नजर मास्तरांवर रोवलेली होती आणि तोंड नातीला घरी बोलावत होते. आणि बाकीचे आम्ही 'नाही' म्हणणार कसे? साहेबांच्या आणि मास्तरांच्या मनगटांवर आमच्या गाठी होत्या.

साहेब सद्गदित झाले. त्यांनी उभे राहून म्हातारीला हात जोडले. त्यांच्याबरोबर कचेरीतून आलेल्या बाईंनी त्या क्षणाचे छायाचित्र घेतले.

होमने तिसरी गाठ मारली तोवर ते गाडीत बसले होते.

पुढची पहाट ही चौथी. दोरे सोडायचे झाले होते आणि होमच्या शिव्या ऐकायला गाव कान टवकारून होते. मास्तरांच्या घराभोवती काही ना काही निमित्ताने बरीच माणसे घुटमळत होती. कोणी कोंबडी शोधत होते, कोणाच्या म्हशीचे दावे तुटले होते. त्याऐवजी भोंगा वाजला. सत्राखेरीच्या वार्तांना पुरवणी होती. गावाने एकमुखाने दिलेल्या संमतीबद्दल खात्याने समाधान व्यक्त केले होते. आदरणीय माता होम यांनी आनंदाश्रूंनी दिलेल्या आशीर्वादाचा विशेष उल्लेख होता. पालकांचे पुन्हा एकदा अभिनंदन होते.

होम अंगणात तांदळाची टोपली घेऊन बसली होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"आता जातीस न्हवं?" शेजारणीने कुंपणावरून विचारले. "आम्ही बी येतो संगं. चार दिसाचं साठल्यालं आसंल."

"कुनाकडं?"

"आगं, जावयाकडं."

"मला कुनी जावई न्हाई," होम म्हणाली, आणि तांदूळ निवडू लागली.

मे महिन्यात नवे वर्ष सुरू झाले. पोरांना न्यायला जी गाडी येणार होती ती मंजूर होण्यासाठी पोरांचा किमान आकडा भरावा लागत होता, आणि गाडी नसल्यामुळे आकडा भरला नाही. हे तर्कशास्त्र खात्याचे आहे. त्यात दोष काढता येत नाही. काही पोरे शहरात नातलगांकडे राहिली. बहुतेक राहिली नाहीत. मास्तरांची मोठ्या विद्यालयात उपमुख्याध्यापक म्हणून नेमणूक झाली होती. ते रोज सकाळी आपल्या फटफटीवरून जात. बुआलोयने आईकडे जायचे ठरवले. ठरवले म्हणजे, दुसरे काही ठरवण्यासारखे उरले नव्हते.

बँकॉकची बस फाट्यावर थांबते. पहिला वळीव आदल्या दिवशी पडून गेला होता. भेगा बुजल्या होत्या आणि खाचरांवरचे मीठ पुन्हा खाली उतरले होते. होम नातीची पिशवी धरून उभी होती. आणखी आठ-दहा माणसे पोचवायला आली होती. मास्तर फटफटीवरून उतरले ते हातात पुस्तकांचे पुडके घेऊन.

"बुआलोय, ही घेऊन जा," ते म्हणाले. "थितं सुटीच्या दिशी शाळा भरती, बाहेरून परीक्षा देता येती. म्या चौकशी केलीय." मग वळून, "मावशी."

होमने दोन्ही हात जोडले, कपाळापर्यंत नेले आणि साहेबलोकांपुढे वाकतात तेवढी वाकली. टीव्हीवरून शिकलेल्या राजधानीच्या भाषेत, प्रत्येक शब्द वेगळा ठेवत, ती म्हणाली, "नमस्कार, साहेब. आपण कशाला तसदी घेतलीत?"

मास्तरांना ते कळायला थोडा वेळ लागला.

"मावशी, आसं नगा बोलू. शिव्या घाला. वाटंल तेवढ्या घाला, म्या हुबा हाय."

"आम्ही अडाणी माणसं, साहेब. आपल्याशी कसं बोलावं ते आम्हाला कळत नाही. काही चुकलं असल्यास क्षमा असावी."

"ल्येकरापरमानं वागीवलंत मला वीस वर्सं."

"आपली बस नाही ना ही, साहेब? मग जरा बाजूला व्हावं. मुलीला चढायचं आहे."

मास्तर बाजूला झाले. होम नातीकडे वळली आणि आपल्या बोलीत म्हणाली, "चढ गं. खिडकीकडं बस. पिशवी मांडीवंच ठेव, खाली ठिवू नगंस. आन् त्या पुस्तकांचं वझं घे त्यांच्या हातनं, पुस्तकांनी काय क्येलंय." बुआलोयने पुडके घेतले आणि हात जोडून तिनेही राजधानीच्या भाषेत आभार मानले. बस गेली. पोचवायला आलेली माणसे एकेक करून मास्तरांसमोर थांबली, वाकली, "येतो, साहेब" म्हणाली आणि गावाच्या वाटेला लागली.

त्याला आता बरेच दिवस झाले. मास्तर अजून आमच्या बोलीत बोलतात. आमच्यातल्या तरुण पोरांपेक्षा चांगली बोलतात. दुकानात तेल मागतात, देवळात म्हाताऱ्यांच्या तब्येती विचारतात, बांधावर उभे राहून पावसाची चौकशी करतात. प्रत्येक ठिकाणी त्यांना उत्तर मिळते, आदराने, हात जोडून, राजधानीच्या भाषेत. संध्याकाळी घरी गेल्यावर लामदुआन भाताची टोपली त्यांच्यापुढे ठेवते, मासळीची वाटी थोडी लांब सरकवते आणि म्हणते, "जेवून घ्यावं, साहेब."